पत्रासोबत चष्मा

देवनागरी लिपी युनिकोड या जागतिक अक्षरसंकेत-प्रणालीत १९९१ सालीच दाखल झाली. तरी मराठी मजकुराच्या पाठोपाठ आजही फॉन्टची फाइल येते, जणू पत्रासोबत चष्माही टपालाने धाडायचा. कारण साधे आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा एखादे विरामचिन्हच असते; वर फक्त मुखवटा. तो उतरला की अभंग आणि जमाखर्च सारखेच अगम्य. असा मजकूर धड शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की अक्षरांचा काला होतो.

यावर ठरलेले उत्तर येते: ‘टाइपरायटरच्या कळफलकावर हात बसलाय.’ बसू दे की! कळफलक वेगळा, अक्षरांची साठवण वेगळी. टाइपरायटरच्या त्याच रेमिंग्टन पद्धतीने युनिकोडमध्येही टंकता येते. दुसरा आक्षेप छपाईचा. पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नव्हते, हे मान्य. मात्र त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. तिच्यापायी भाषेने किती वर्षे वेठबिगारी करायची? मराठी जगली पाहिजे, असे आपण आवर्जून लिहितो. फक्त ते वाक्य शोधूनही कुणाला सापडू नये, याची चोख व्यवस्था करतो.