छातीवर कोण?

सत्र संपताना विद्यार्थ्यांकडून शिक्षकांबद्दल लेखी अभिप्राय घ्यायची पद्धत ज्याने काढली, त्याला आमचे क्रीडा विपणनाचे सर भेटलेले नसणार. माझा भाचा त्यांच्या वर्गात आणि सर सिडकोत आमच्याच गल्लीत, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकावं लागतं. अभिप्राय निनावी असतात, पण मजकूर सगळ्यांचा एकच: 'विषय चांगला. सरांना १९९६ मधून बाहेर काढा.'

१९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाचं अधिकृत शीतपेय कोका-कोला. पैसे त्यांनी मोजले. पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत सचिनला जाहिरातीत उतरवलं आणि लोकांच्या लक्षात राहिली ती पेप्सीच. ग्राहकाचं वर्तन असो, किंमत ठरवणं असो की कायदा, सर कुठूनही निघाले तरी मुक्काम तिथेच. वर्गातलं एकही पोर तेव्हा जन्मलेलं नव्हतं. एका पठ्ठ्याने म्हणे पाचही उत्तरांत पेप्सी घातली आणि पहिल्या वर्गात सुटला.

पण हे परवडलं. सरांचा खरा आजार म्हणजे 'छातीवर कोण?' हा प्रश्न. टी-शर्ट घालून वर्गात शिरलात की संपलंच. "छातीवर कोण? किती दिले त्यांनी? फुकट मिरवतोस? तूच दुकानात पैसे दिलेस? अरे, मग प्रायोजक तू झालास!" पोरांनी शेवटी साधे शर्ट घालायला सुरुवात केली. तर सर म्हणतात, "एवढी मोक्याची जागा पडीक?"

क्रांती चौकात 'अमुक चषका'चा फ्लेक्स लागला की स्कूटर बाजूला घेऊन चेहरे मोजतात. "स्पर्धा एक, शुभेच्छुक अठ्ठावीस, खेळाडू शून्य." भाच्याची इंटर्नशिप अशाच एका चषकात झाली, काम होतं फ्लेक्सच्या दोऱ्या बांधण्याचं.

आमच्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आहेरातला स्टीलचा डबा उचलला, बुडाशी कोरलेलं मामांचं नाव वाचलं आणि भर मांडवात म्हणाले, "याला म्हणतात प्रायोजकत्व! पैसे एकदाच, नाव तीन पिढ्या." मामा खूश झाले. नवरदेवाच्या कोऱ्या शेरवानीकडे मात्र सर जेवण होईपर्यंत हळहळून पाहत होते.

भारतीय संघाच्या जर्सीबद्दल त्यांचा स्वतंत्र सिद्धांत आहे. सहारा, बायजूज, ड्रीम इलेव्हन. जो छातीवर चढला तो अडचणीत आला. २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि ड्रीम इलेव्हन उतरलं, त्या दिवशी सरांनी वर्गात पेढे वाटले. सिद्धांत खरा ठरल्याचे.

एवढं सगळं असून त्यांचा एक तास कोणी बुडवत नाही, हे भाच्याने जरा नाइलाजानेच कबूल केलं. तो तास पैलवान खाशाबा जाधवांचा. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या तासाला सर 'छातीवर कोण' विचारत नाहीत. १९९६ सुद्धा येत नाही.

संध्याकाळी ते मुलींना खो-खो शिकवतात. २००८ मध्ये आयपीएलला नाव द्यायला डीएलएफने पाच वर्षांचे २०० कोटी मोजले, हे सरांना तोंडपाठ आहे. पण या मुलींच्या पंधरा टी-शर्टांसाठी त्यांनी गुलमंडीपासून चिकलठाण्यापर्यंत दुकानं आणि कारखाने पालथे घातले. जानेवारी २०२५ मध्ये मूळच्या बीड जिल्ह्यातल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचा विश्वचषक जिंकला. तेव्हा अभिनंदनाचे फ्लेक्स लावणारे पुष्कळ निघाले, टी-शर्ट देणारा एक निघाला नाही. शेवटी सरांनी स्वतःच्या पगारातून शिवून घेतले. पाठीवर नंबर, छाती कोरी. "सर, तुमचंच नाव टाकू," मुली म्हणाल्या. सर चिडले. "जागा विकायची आहे. मी फुकट कशाला अडवू?"

तेव्हा सिडको-हडकोतल्या दुकानदारांना एवढीच विनंती: जागा अजून रिकामी आहे. पैसे आगाऊ द्या आणि घासाघीस करू नका. सर पेप्सीपासून सुरुवात करतील.