बारा की तेरा?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून सुकेळी खिंड उतरली की खांब येतं. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्यामुळे थांबणं म्हणजे काय हे खांबच्या माणसाला कुणी शिकवायला नको. तरीही तारमास्तरांइतका थांबलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही. गिटारीला कुठल्या जाडीच्या तारा लावायच्या हे नक्की झाल्याशिवाय वाजवायला बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. नक्की व्हायचं बाकी आहे.

तारमास्तर ही जात तशी सगळीकडे सापडते. पुण्यात ती फाउंटन पेनच्या निबांवर जगते, डोंबिवलीत स्पीकरच्या वायरींवर. रायगडातला नमुना धाटावच्या एमआयडीसीत मेन्टेनन्सला नोकरी करून रिटायर झालेला असतो. जन्मभर शाफ्ट नि बेअरिंगं मोजल्यामुळे इंचाच्या हजाराव्या भागाला तो अजून ‘थाऊ’ म्हणतो आणि मायक्रोमीटर चष्म्याच्या खिशात ठेवतो. गुडघ्याचं विचारलं तर ‘आहे आपलं’ एवढ्यावर भागवतो. तारेचं विचारलं की पाहुण्याचा चहा निवतो.

मास्तरांची गिटार जुनी जर्मन, हॉफ्नर कंपनीची. भायखळ्याच्या चाळीतल्या गोवेकर शेजाऱ्यानं परदेशी जाताना दिलेली. आर्चटॉप म्हणतात ती ही. छाती व्हायोलिनच्या घडणीची, फुगीर, आणि तिच्यावर दोन बाजूंना इंग्रजी एफच्या आकाराच्या फटी. तारा घोडीवरून जाऊन थेट बुडाशी असलेल्या धातूच्या पट्टीत अडकतात. घोडी चिकटवलेली नसतेच, ती तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा सैल केल्या की ती हातात येते. मास्तर हे प्रत्येक पाहुण्याला करून दाखवतात, आणि मग घोडी पुन्हा नेमक्या जागी बसवेपर्यंत पाहुण्याची शेवटची एसटी गेलेली असते.

या गिटारी जन्मल्या त्या मुळी आरडाओरडा करायला. गिब्सन कंपनीत लॉइड लोर नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली १९२२ साली एल-फाइव्ह हे मॉडेल आलं, तेव्हा विजेवर चालणारी गिटार बाजारात नव्हती. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात गिटारीचा ठेका ऐकू जायला हवा, तर छाती कमानदार आणि तारा जाड, हाच उपाय. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीननं १९३७ पासून १९८७ साली मरेपर्यंत हेच केलं. तारा पडद्यांपासून इतक्या उंच ठेवायचा की दुसऱ्याची बोटं सोलून निघावीत. मुंबईत हे वारं ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात आलं, तिथून गोवेकर वादकांबरोबर सिनेमात शिरलं. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेटसारख्या जॅझवाल्याला हाताशी धरलं ते याच काळात. आपली गिटार त्या रेकॉर्डिंगला होती, असं मास्तरांचं ठाम मत आहे. पुरावा मागितला की ते तारांच्या विषयावर येतात.

आणि तारांच्या विषयावर मात्र त्यांना हसण्याची सोय नाही, कारण हिशेब चोख असतो. सगळ्यात बारीक तार बारा थाऊची, म्हणजे साधारण ०.३० मिलिमीटर. तेरावर गेलात तर जाडी वाढते एका थाऊनं, केसाहूनही कमी. पण ताण वाढतो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सतरा टक्के. एकट्या त्या तारेवर साडेदहा किलोचे सव्वाबारा किलोच्या वर जातात. बाराच्या सेटमध्ये सहाही तारा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ओढतात. तांदळाचं दीड पोतं म्हणा. तेराचा सेट त्यावर आणखी दहा किलो चढवतो. हे सगळं सत्तरीला टेकलेल्या लाकडावर. गिब्सननं १९२३ साली दांडीच्या पोटात घट्ट-सैल करता येणाऱ्या लोखंडी सळईचं पेटंट घेतलं, पण मास्तरांच्या गिटारीत तशी सळई नाही. दांडी एकदा वाकली की वाकली.

मग दहाच्या लावा की! असं कुणीही म्हणेल, आणि म्हटलंय. पण बारीक तारेचा दाब घोडीवर पुरेसा पडत नाही, जाड छाती हलत नाही, आणि एवढी थोरली गिटार कुजबुजायला लागते. म्हणजे तेरानं दांडी जाते, दहानं आवाज जातो. उरली बारा. इतर कुणी तिथंच थांबला असता, पण मास्तरांना बारामध्ये धातू कुठला हा प्रश्न पडला. ब्राँझचा आवाज चमकदार, पण रोह्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. श्रावण उजाडेपर्यंत ब्राँझ काळवंडलेलं असतं. निकेलचा आवाज जुन्या रेकॉर्डींसारखा कोरडा. मोनेल म्हणजे निकेल आणि तांब्याचं मिश्रण, त्याला गंज जवळजवळ चढत नाही, पण त्याची किंमत बायकोपासून लपवावी लागते. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगून कमान वर येते आणि तारा पडद्यांपासून उचलल्या जातात, उन्हाळ्यात उलटं. म्हणून आषाढी सेट वेगळा आणि वैशाखी सेट वेगळा, असा सिद्धांत सध्या वहीत आहे.

खरेदीचा दिवस सणाचा असतो. दिवा-रोहा गाडी पकडून दिवा, तिथून लोकल, मग चालत धोबीतलाव. तिथं जेर महाल इमारतीतलं फुर्टाडोज हे दुकान १८६५ सालापासून नाव टिकवून आहे, आणि त्याच इमारतीत गोवेकरांचे कूड आहेत, जिथं मुंबईत वाजवायला आलेले कितीतरी वादक पेट्या टाकून राहिले. मास्तर तिथं पाकिटं उलटीपालटी करतात, वरचे आकडे वाचतात, वहीतल्या आकड्यांशी ताडतात. काउंटरवरचा पोरगा विचारतो, “काका, कुठल्या टाइपचं वाजवता?” मास्तर पाकीट खाली ठेवतात. या प्रश्नाचं उत्तर वहीत नाही.

एकदा ते मिरजेला जाऊन आले. सतारी आणि तंबोऱ्यांच्या या गावाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे तिथं तरी तारेचा शास्त्रोक्त निकाल लागेल, असा अंदाज. कारागिरानं बाजाची तार काढून दिली, “तीन नंबर.” मास्तरांनी मायक्रोमीटर लावला. बारा थाऊ! अमेरिकेतली बारा आणि मिरजेची तीन नंबर एकच निघाली. परतीच्या गाडीत त्यांनी कराडपर्यंत शेजारच्या माणसाला हे समजावलं. त्याला उतरायचं सांगलीला होतं.

घरच्यांचं म्हणणं वेगळं आहे. विश्वमोहन भट्टांनी आर्चटॉप गिटारीवर जास्तीच्या तारा चढवत मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी आणलं, हे मास्तरांच्या मुलानं कुठंतरी वाचलं. त्यानं जेवताना तेवढंच सांगितलं. “त्यांना पावसाळा नाही,” मास्तर म्हणाले आणि ताक मागितलं.

गावाला त्यांचा उपयोग झाला तो सप्ताहात. अखंड हरिनाम सात दिवस चालतं, आणि वीणा एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. उत्तररात्रीच्या पहाऱ्याला एक तार तुटली. एवढ्या रात्री तार कुणाकडे असणार? पोरं मास्तरांच्या दारात.

“घोडीपासून मेरूपर्यंत लांबी किती?”

“लांबी कसली मास्तर, वीणा खाली ठेवता येत नाय!”

मास्तर टेप, बॅटरी आणि तारांची अख्खी ट्रंक घेऊन देवळात आले. वीणेकरीबुवा येरझाऱ्या घालत होते, मास्तर त्यांच्या बाजूनं टेप धरून चालत होते, आणि मृदंगवाला हसू दाबत ठेका सांभाळत होता. माप झालं. वही उघडली. बारा लावली तर स्वर कुठं येईल, तेरा लावली तर भोपळ्यावर किती ताण, याचा हिशेब सुरू झाला. तेवढ्यात पहारा बदलला. नवे वीणेकरी दूधवाले. त्यांना पहाटे डेअरी गाठायची होती. त्यांनी ट्रंकेत हात घातला, हाताला आली ती तार ओवली, खुंटी पिळली, कान लावला.

“लागली की!”

सप्ताह उठल्यावर मास्तरांनी वीणा मागून घेतली आणि तार मोजली. अकरा. नापास करून ट्रंकेच्या तळाशी टाकलेल्या सेटमधली. त्यांनी वही काढली, अकरावर मारलेली काट खोडरबरानं पुसली, आणि धोबीतलावच्या दुकानात फोन लावला.