नाव नंतर टाकतो

‘राह्यलं बघ, टाकतो की नंतर.’ सातारा-सांगलीकडं रील करणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य आता सर्रास ऐकू येतं. ज्यानं ड्रोन उडवला, ज्यानं रात्र जागून एडिट केलं, जिनं पहाटे उठून नवरीचा मेकअप केला, त्यांचं नाव पोस्टमध्ये नसतं. मग तो किंवा ती कमेंटमध्ये येऊन अदबीनं विचारते, ‘दादा, टॅग राहिला वाटतं.’ दादा उत्तराला बदामाचा इमोजी टाकतो. दोन दिवसांनी, कधी आठवड्यानं, कॅप्शनच्या तळाशी हॅशटॅगच्या गर्दीखाली ते नाव चिकटवलं जातं आणि विषय मिटला असं समजलं जातं. विषय मिटलेला नसतो. उशिरा टाकलेलं नाव कुणापर्यंत पोचत नाही. हे ठाऊक असूनही जो नंतरवर ढकलतो, तो आपल्याच सहकाऱ्याच्या पोटावर पाय देतो.

पोस्टचं आयुष्य केवढं असतं ते बघा. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाड्या पळाल्या, की त्या मैदानाच्या रील अंधार पडायच्या आत खटाव-माणपासून आटपाडी-विट्यापर्यंत फिरून झालेल्या असतात. पुढच्या मैदानाला पुढच्या रील. ज्याला बघायचं त्यानं पहिल्या काही तासांत बघितलेलं असतं. कॅप्शनमध्ये कुणाचं नाव वाढलं हे बघायला तो परत येत नाही. शिवाय आपल्याकडं रील इन्स्टाग्रामवर थांबत नाही. ती उतरवली जाते आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, स्टेटसवर जाते. तिच्यासोबत ना कॅप्शन जातं, ना टॅग. इन्स्टाग्रामवरूनच डाउनलोड केली तर तिच्यावर शिक्का उमटतो तो पोस्ट करणाऱ्या अकाउंटचा. म्हणजे गावोगाव जातं ते मालकाचं नाव. काम करणाऱ्याचं नाव तळाशी जिथं चिकटवलं तिथंच राहतं.

कॅप्शन नंतर बदलता येतं, टॅग नंतर जोडता येतो, हे खरं आहे. पण एकदा चढवलेला व्हिडिओ काढून त्याच जागी दुसरा ठेवता येत नाही, इन्स्टाग्रामवर नाही आणि यूट्यूबवरही नाही. तेव्हा जे नाव व्हिडिओच्या आत, चौकटीत लिहिलेलं नाही, त्याचा प्रवास सुरूच होत नाही. आवाजाचं तर आणखी वाईट. मैदानात निवेदक घसा फोडून बैलांची वंशावळ सांगतो, झेंडा पडायच्या आधी सगळं रान अंगावर घेतो. त्याचा तो आवाज कुणी तरी मोबाइलवर टिपून टाकतं आणि इन्स्टाग्राम त्याखाली ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून टाकणाऱ्याचं नाव दाखवतं. पुढं त्याच आवाजावर रीलांमागून रील होतात. निवेदक कोण, हे विचारायची वेळही कुणावर येत नाही.

नावाला एवढं काय चिकटलायस, असं या पोरांना ऐकवलं जातं. कराड, विटा, तासगाव, फलटण इथल्या पोरांनी हप्त्यावर कॅमेरे घेतलेत, ड्रोन घेतलेत. त्यांच्याकडं जाहिरातीला पैसा नाही, चौकात फलक लावायची ऐपत नाही. कासच्या पठारावर किंवा ठोसेघरला केलेलं एक प्री-वेडिंग बघून कुणी तरी विचारतं, ‘हे कुणी शूट केलंय?’ आणि त्या प्रश्नातून पुढच्या लग्नाचं काम मिळतं. तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. त्या दिवशी नाव नसेल तर काम दुसऱ्याकडं जातं. चार दिवसांनी टाकलेल्या टॅगनं ते परत येत नाही.

ज्यांचा कुणाशी करार नसतो, ज्यांना टॅग मागायचंही सुचत नाही, त्यांचं काय? यात्रेतला हलगीवाला, लेझीमचा ताफा, आटपाडी-जतकडचे गजीनृत्य करणारे धनगर. त्यांचे व्हिडिओ सुंदर निघतात. खाली ओळ असते: आपली परंपरा, अस्सल मातीतली कला. परंपरेच्या नावाखाली माणूस पुसून टाकायची ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. हलगी परंपरेनं वाजत नाही. ती विशिष्ट माणूस वाजवतो. त्याला नाव आहे, गाव आहे, त्याच्या हातात वर्षानुवर्षांची मेहनत आहे. व्हिडिओ घेताना त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरता येतो, तर ‘काका, नाव काय लिहू?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

आपल्या शाहिरांना हा हिशेब नीट कळत होता. लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवी आपली नाममुद्रा घालायचा. पेशवाईत होनाजी शिलारखाने लिहायचा आणि त्याचा मित्र बाळा करंजकर गायचा. मुद्रा पडली ‘होनाजी बाळा’, लिहिणारा आणि गाणारा दोघं एका नावात. दोनशे वर्षांनीही ती जोडी कुणाला तोडता आलेली नाही, कारण नाव रचनेच्या आतच विणलेलं होतं. आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णा कुलकर्णी ‘पठ्ठे बापूराव’ झाले. त्यांच्याही लावण्यांच्या शेवटी ही मुद्रा असते. आता रीलमध्ये काय होतं? तीस सेकंदांत मुखडा आणि फार तर एक कडवं. शेवटचं कडवं, म्हणजे नेमकी नावाची जागाच, कापली जाते. खाली लिहिलं जातं ‘पारंपरिक लावणी’. बापूरावांनी आपलं नाव जपायची तजवीज केली होती. आपण ती कात्रीनं काढून टाकतो. मग कॅप्शनमध्ये पहिल्याच ओळीत ते लिहिणं ही आपली जबाबदारी ठरते. आणि ज्यांच्या आवाजानं बापूरावांची कवनं महाराष्ट्रभर गेली त्या पवळाबाईंचंही नाव तिथं असायला हवं. होनाजीच्या मुद्रेत बाळा आला, बापूरावांच्या मुद्रेत पवळा आल्या नाहीत.

नाव उशिरा देऊनही ते पोचल्याचं एक मोठं उदाहरण आहे, आणि त्याचा धागा सांगलीपर्यंत येतो. लता मंगेशकर यांचं बालपण सांगलीत गेलं. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपट आला. लताबाईंच्या त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालानं केलेल्या पात्राचं. पार्श्वगायकाचं नाव न छापणं तेव्हाच्या रीतीला धरूनच होतं. गाणं रेडिओवर लागलं आणि ही बाई कोण म्हणून श्रोत्यांनी विचारणा सुरू केली. मग खरं नाव सांगावं लागलं. त्याच वर्षीच्या ‘बरसात’साठी त्यांनी श्रेय मागून घेतलं. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पारितोषिकच नव्हतं, तेव्हा त्यांनी सोहळ्यात गायला नकार दिला. १९५९ पासून ते पारितोषिक सुरू झालं.

‘बघा, तिथंही नाव नंतरच आलं की,’ असं कुणी म्हणेल. आलं, पण कशामुळं ते पाहा. रेडिओवर गाणं जितक्या वेळा लागतं तितक्या वेळा निवेदक त्याची नव्यानं ओळख करून देतो. रेकॉर्ड पुन्हा छापली जाते, तिच्यावरचा कागद बदलता येतो. चूक दुरुस्त झाली की पुढच्या प्रत्येक ऐकणाऱ्याला दुरुस्त नाव मिळतं. रीलला दुसरी आवृत्ती नसते. ती पहिल्यांदा जशी सुटली तशीच शेवटपर्यंत फिरते. जुन्या माध्यमात ‘नंतर’ला काही अर्थ होता; आजच्या माध्यमानं तो काढून घेतला आहे.

आकाशवाणीनं तर आपल्या कानांना फार चांगली सवय लावली होती. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळेच्या ग. दि. माडगूळकरांचं ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि त्याची ५६ गीतं झाली. कवी माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके, आणि माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक. आजही ज्यांनी ते ऐकलं त्यांच्या घरात ही नावं एका दमात सांगितली जातात. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे गाण्याबरोबर ऐकायची सवय असलेल्या घरांतलीच नातवंडं आज लिहितात, ‘फोटो साभार : सोशल मीडिया’.

हा ‘साभार’ मला अजिबात मान्य नाही. सोशल मीडिया पहाटे उठून सज्जनगडावर धुकं टिपायला गेला नव्हता. ‘व्हॉट्सॲपवरून साभार’, ‘सौजन्य : इंटरनेट’, ‘लेखक अज्ञात’ या सगळ्या ओळींचा अर्थ एकच: मी शोधलं नाही. शोधा. सापडत नसेल तर तो फोटो टाकू नका. कृष्णेच्या घाटाचा स्वतः काढलेला साधा फोटो त्याहून चांगला.

‘पैसे दिलेत की, नाव कशाला?’ असं विचारणारेही आहेत. त्यांना कायदा सांगावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकून टाकल्यावरही ती कृती आपली आहे, असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडं उरतो. पैशानं वापराचा हक्क मिळतो, कर्तेपण मिळत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ३८-ब आलं आणि सादरीकरण करणाऱ्या कलाकारालाही आपल्या नावानं ओळखलं जाण्याचा हक्क मिळाला. हलगीवाला आणि गजीनृत्यवाला त्यातून वगळलेले नाहीत. कोर्टात कोण जाणार, हे मलाही कळतं. पण ‘नाव देणं ही माझी मर्जी’ हा तोरा तरी सोडा.

आणखी एक कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही. २०२१ पासून इन्स्टाग्रामवर दोन अकाउंटच्या नावानं एकच पोस्ट टाकायची सोय आहे. दोघांची नावं वर दिसतात, लाइक आणि कमेंट दोघांच्या. ती सोय असताना ज्याचे फॉलोअर जास्त तो मुद्दाम एकट्याच्या नावावर टाकतो, पोस्ट चालेपर्यंत वाट बघतो आणि गर्दी ओसरली की समोरच्याला टॅग करतो. हा विसराळूपणा नाही. ठरवून केलेली चोरी आहे, आणि तिला चोरीच म्हटलं पाहिजे.

करायचं काय, ते अवघड नाही. काम ठरवताना पैशाबरोबर नावही ठरवा: कुठं येणार, कोणत्या अक्षरांत, कोणत्या अकाउंटनं. एडिट करणाऱ्याला फाइल देतानाच नावांची यादी द्या, म्हणजे ती चौकटीत बसते आणि व्हॉट्सॲपवरही जाते. राहिलंच कुणाचं, तर कॅप्शन गुपचूप दुरुस्त करू नका. त्या माणसाच्या नावानं नवी पोस्ट टाका, त्याच्या कामाचा तुकडा दाखवा, आणि पहिली पोस्ट जेवढ्या ग्रुपांवर पाठवली होती तेवढ्याच ग्रुपांवर ही पाठवा. टॅग मागणाऱ्या पोरांनीही ‘दादा, राहिलं वाटतं’ हा सूर सोडावा. हक्काचं मागताना आवाज पडू देऊ नये.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर प्रयोग सुरू व्हायच्या आधी माइकवरून नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, पार्श्वसंगीत अशी सगळी नावं वाचली जातात. पडदा उघडायच्या आधी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी. त्याच संस्थांच्या पोस्टमध्ये मात्र नायक-नायिकेचा फोटो आणि संस्थेचं नाव एवढंच असतं. दिवे कुणी केले ते कळत नाही. येत्या ५ नोव्हेंबरला सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातून आणि साताऱ्याच्या शाहू कला मंदिरातून फोटो टाकणाऱ्यांनी माइकवर वाचायचा तो कागद पोस्ट लिहिणाऱ्याच्या हातात द्यावा. वरपासून खालपर्यंत सगळी नावं टाइप करावीत, मगच पोस्ट टाकावी.