वैराग्याचा थाट

वैराग्याला इतका सोन्याचा मुलामा चढवता येतो, हे मेल्कला गेल्याशिवाय खरं वाटत नाही. ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या कड्यावर हा बेनेडिक्टाइन मठ १०८९पासून नांदतो आहे. आजची हळदी रंगाची भव्य बरोक वास्तू मात्र १७०२मध्ये उभी राहू लागली. मठाधिपती बेर्थोल्ड डीटमायर यांची हौस दांडगी आणि वास्तुकार याकोब प्रांडटाउअर त्याहून दांडगा. मग काय! सम्राट मुक्कामाला आलेच तर, म्हणून खोल्यांची अख्खी रांग आणि त्यापुढे जवळपास दोनशे मीटरचा कॉरिडॉर. चालता चालता आपलीच तपश्चर्या घडते.

चर्चमध्ये डोळे दिपतात. मग बाजूच्या वेदीवरच्या काचेच्या पेटीकडे नजर जाते आणि दचकायला होतं. जरीचे कपडे लेवून एक सांगाडा आरामात रेललेला असतो, लग्नाचं जेवण आटोपून ओटीवर लवंडलेल्या व्याह्यासारखा. असे दोघे आहेत. प्राचीन भुयारी दफनभूमीतले हे संत मुळात कोण, कुणालाच ठाऊक नाही. बिननावाचा संत बरा दिसत नाही, म्हणून क्लेमेन्स आणि फ्रिडरिश अशी नावं दिली.

हा सगळा थाट पचायचा असेल, तर सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टची नियमावली वाचावी. माणूस ओळखणारा गृहस्थ! उन्हाळ्यात जेवणानंतर वामकुक्षीची मुभा. पहाटे झोपाळू बंधूंना हळुवार उठवावं, कारण त्यांना सबबी फार सुचतात. प्रार्थनेतलं एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना गाठता येईल. वाइनबद्दल तर कमाल आहे. ती संन्याशाला वर्ज्यच, पण हल्लीच्या संन्याशांना हे पटायचं नाही, तेव्हा रोज सुमारे पाव लिटर पुरे. ‘हल्लीचे’ म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचे! बेनेडिक्टना विशेष चीड कुरकुरीची. वाइन मिळाली नाही तरी कुरकुर नको.

मठाच्या ग्रंथालयात दारांवरही पुस्तकांच्या पाठी चिकटवल्या आहेत. बंद केलं की दार कपाटात विरघळतं. इथली गुटेनबर्ग बायबलची प्रत मात्र मठाने पैशांच्या गरजेपोटी १९२६च्या सुमारास विकली. ती आता अमेरिकेत, येल विद्यापीठात आहे. सोन्याच्या घरालाही डागडुजीचा खर्च असतोच.

मला विचाराल तर चर्चपेक्षा बाग सरस. कडक उपासांनंतर साधूंना विसावा म्हणून तिथे अठराव्या शतकात एक मंडप बांधला आणि चित्रकार योहान बेर्गलने १७६३-६४मध्ये त्याच्या भिंती रंगवल्या. दूरदेशीची झाडं, पाखरं, माणसं, सगळीकडे हिरवागार धुडगूस. वरच्या सोनेरी चर्चमध्ये माणूस दबून उभा राहतो. इथे खुर्ची ओढून बसतो. मंडपात आता कॅफे आहे. तेव्हा जाणार असाल तर उन्हाळ्यात जा. हिवाळ्यात बाग बंद असते, आणि मग कुरकुर करायची नाही.