उलटी शीग

विधात्याने पदार्थमात्रास वस्तुमान आणि आकारमान असे दोन गुण एकदमच बहाल केले, ही गोष्ट विज्ञानशिक्षकाच्या कितीही गैरसोयीची असली तरी व्यापारउदिमाच्या दृष्टीने ती मोठ्या दूरदृष्टीची होती, असे माझे मत होत चालले आहे. कारण जो माल वजनात उणा पडतो तो मापात भरतो, जो मापात मार खातो तो वजनात तरतो, आणि यांपैकी कोणते परिमाण कोणत्या वेळी पुढे करायचे हा निर्णय प्राचीन काळापासून तराजूच्या पलीकडे बसलेल्या इसमाच्या अखत्यारीत राहत आला आहे.

सुरतेच्या उधन्यापलीकडील आमच्या नवागामात या शास्त्राचा अभ्यास करण्यास जितकी सोय आहे तितकी क्वचितच अन्यत्र असेल. जळगाव-धुळे-नंदुरबारकडून तापीकाठच्या लोहमार्गाने आलेली कुटुंबे येथे यंत्रमागांच्या आणि साड्यांच्या आश्रयाने वसली, आणि येताना अहिराणी, कळण्याची भाकरी यांच्याबरोबर आपापले मणही घेऊन आली. आमच्या आजीचा मण चाळीस शेरांचा. येथील बाजार समितीत भाव पुकारला जातो तो मण वीस किलोंचा. गावाकडून आलेला एखादा वृद्ध पाहुणा गुजराती भाव ऐकून प्रथम हर्षभरित होतो आणि हिशेब कळल्यावर खिन्न होतो. त्याचे सांत्वन करताना मी त्यास इतिहासाचा हवाला देतो. १६१३ साली इंग्रजांनी याच सुरतेत वखार घातली, आणि पुढे त्यांच्या दफ्तरांत मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहूनही काहीसा अधिक, अशी नोंद सुखेनैव नांदली. एवढ्या मणांत हिशेब राखून ज्यांनी राज्य कमावले त्यांना गणित येत नव्हते, असे कोण म्हणेल? सरकारने १९५६ साली कायदा करून, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने अमलात आणून, या सर्व मणांना सेवानिवृत्त केले. बाजाराने मात्र तो हुकूम वाचून, शिरसावंद्य मानून, मण तेवढा ठेवून घेतला.

आजीपाशी पितळेची मापे होती: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. या मापांतला खरा वाद कधीच मापाबद्दल नसे, तो शिगेबद्दल असे. धान्य देताना माप सपाट हवे की वर शीग लावून हवे, या एका प्रश्नावर आमच्या भाऊबंदकीत जेवढी कटुता निर्माण झाली तेवढी जमिनीच्या वाटण्यांवरूनही झाली नाही. घेणाऱ्याची शीग नेहमी उंच, देणाऱ्याचा हात नेहमी ती पुसायला तत्पर.

पुढील पिढीला शिगेचे दुःख नाही, परंतु तेलाचे आहे. दुकानात टांगलेल्या तेलाच्या पिशवीवर ‘एक लिटर’ हे शब्द दुरूनही दिसतील असे छापलेले असतात, आणि त्याच्या आसपास, सज्जन मनुष्याने लाजत बोलावे त्या आवाजात, ‘९१० ग्रॅम’ असा खुलासा असतो. डब्यांचे तेच. गुजराती गृहस्थ तेलाच्या डब्याचा भाव पंचांगाइतक्या श्रद्धेने पाहतो. पण डबा १५ किलोंचा की १५ लिटरचा, ही तहकीकात न करणारा मनुष्य घरी सव्वा किलोहून अधिक तेल कमी घेऊन येतो, आणि गृहिणीपुढे त्याच्या बचावास कोणतेही शास्त्र धावून येत नाही.

अशा भूमीत विज्ञानाचा तास भरतो. नातवाचा विसरलेला जेवणाचा डबा पोहोचविण्यास मी शाळेत गेलो असता मास्तरांनी आग्रहाने मला मागच्या बाकावर बसवून घेतले. टेबलावर तराजू, काचेचे मोजपात्र आणि दोऱ्याला बांधलेला एक काळा दगड, जो रुळांशेजारून आणला असल्याची गुप्त वार्ता मला नातवाकडून अगोदरच लागली होती. मास्तरांनी प्रस्तावना म्हणून तो सनातन प्रश्न विचारला: एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस? सर्व जगात या प्रश्नावर मुले फसतात. येथे मागील रांगेतून, ज्याच्या आजोबांची अमळनेरकडे काळी जमीन आहे असा एक चिरंजीव उठून शांतपणे म्हणाला, “कापूस जड शे, सर. त्याले पानी मारतस.”

मास्तर क्षणभर स्तब्ध झाले. पाठ्यपुस्तकात या उत्तराची तरतूद नव्हती, आणि ते चूक आहे असे म्हणण्याची, जिनिंगच्या दारात उभे राहून कापसाच्या गाड्या पाहिलेल्या कोणाही मनुष्याची छाती होणार नाही. दुसऱ्याने तेवढ्यात भर घातली की त्याच्या पप्पांच्या कारखान्यात धाग्याची जाडी मोजायलाही काटाच लागतो, कारण नऊ हजार मीटर धाग्याचे जितके ग्रॅम भरतील तितके त्याचे डेनियर. लांबीचा माल, जाडीचा प्रश्न, उत्तर वजनात! मास्तरांनी चर्चा बरखास्त करून दगड उचलला.

तराजूत दगड ५० ग्रॅम भरला. मोजपात्रात पाणी ६० मिलिलिटरच्या रेघेवर होते. दगड बुडताच ते ७८ वर चढले. म्हणजे आकारमान १८ घन सेंटिमीटर आणि घनता पावणेतीनच्या आसपास, जी काळ्या बेसाल्टास शोभेशीच होती. परंतु वाचन घेताना वितुष्ट आले. काचेला चिकटलेले पाणी कडेला वर चढते आणि मधोमध खोल राहते. डोळा पातळीला आणून खालची वक्र कड वाचायची, असे मास्तरांनी फर्मावले, त्यावर आमच्या नातवाने, बहुधा खापरपणजीच्या रक्ताचा परिणाम म्हणून, विचारले, “सर, मग ही उलटी शीग कोणाच्या खात्यात जायची?” मास्तर म्हणाले, “कोणाच्याच नाही.” मोजमापाच्या इतिहासात एवढा निःपक्षपाती निवाडा मी प्रथमच ऐकला.

अर्थात खुद्द शास्त्रज्ञांच्या घरीही सर्व आलबेल नव्हते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, या सोयरिकीवर विसंबून १९०१ साली त्यांनी लिटरची व्याख्या किलोभर पाण्यावरून केली, आणि तो लिटर हजार घन सेंटिमीटरांहून दशलक्षांत २८ भागांनी अधिक भरला. ही शीग १९६४ साली रीतसर पुसली गेली. म्हणजे त्रेसष्ट वर्षे. आमच्या भाऊबंदकीने इतका धीर कधी दाखविला नाही.

गृहपाठ होता स्वतःचे आकारमान काढण्याचा. नातवाने आर्किमिडीजचे चरित्र वाचलेले असल्यामुळे नळाच्या वेळी काठोकाठ भरलेल्या निळ्या पिंपात उतरण्याची तयारी चालविली होती. सांडेल ते पाणी परातीत धरून मापायचे, अशी योजना. सिराक्यूजच्या त्या महापुरुषास नळाची वेळ पाळावी लागत नसावी, आणि त्याची माता त्या प्रसंगी हजर असल्याचाही दाखला नाही. आमची सूनबाई हजर होती. “पानी काय तुना बाप भरस?” या तिच्या एका सवालाने प्रयोग तहकूब झाला.

शेवटी मी मध्यस्थी केली. माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो, सबब त्याची घनता पाण्याच्या जवळपास. तेव्हा जितके किलो तितके लिटर धरण्यास हरकत नाही. नातू वाण्याच्या काट्यावर उभा राहिला, एकतीस किलो भरला, आणि वहीत ३१ लिटर असे लिहून, वाण्याला खुणेनेच विचारू लागला की तेलाची पिशवी याच काट्यावर ठेवून पाहिली तर चालेल का.