शेरा : हात थकला, बदलावा

मिसिसागा (टोरोंटोजवळ),
त्रिपुरी पौर्णिमा, ५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईंना,
सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. बाबांची तब्येत ठणठणीत आहे, फक्त घसा बसला आहे. कारण फोनवर सांगता येत नाही. फोन स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे पत्र. आमच्या ओळखीचं एक कुटुंब वाशिमला निघालं आहे, त्यांच्या बॅगेत टाकते आहे. तिथून रिसोडला कसं पोचवायचं ते त्यांना सांगितलं आहे.

आधी तुमच्या तक्रारीविषयी. लक्ष्मीपूजनाला बाबांचा फोन नाही, भाऊबीजेला दोनच शब्द, आणि रोज सकाळी तुम्ही फोन केलात की "मंग बोलतो" म्हणून ठेवून द्यायचे. आई, यात राग किंवा आजार काही नाही. सडा-रांगोळी आटोपून तुम्ही सहाला फोन करायचात, तेव्हा आमचे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असायचे. सामने सुरू व्हायचे आठला. तुमचा फोन नेमका दुसऱ्या इनिंगमध्ये यायचा. जूनमध्ये "जरा नातवंडांत रमा" म्हणून तुम्ही त्यांना विमानात बसवलंत. ते रमले, पण बेसबॉलमध्ये.

सुरुवात थोरल्यामुळे झाली. तो इथल्या पोरांच्या संघात पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारा. पोरांचे खांदे-कोपरे निकामी होऊ नयेत म्हणून वयाप्रमाणे एका दिवसात किती चेंडू फेकायचे याची मर्यादा असते, आणि इतके फेकले तर पुढे इतके दिवस विश्रांती, हेही नियमानं ठरलेलं. साहजिकच मोजणीला माणूस लागतो. 'मोजणी' हा शब्द कानावर पडल्यावर निवृत्त तलाठी गप्प बसतो होय? बाबांनी दुसऱ्याच दिवशी लांबट वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले : अनुक्रमांक, फेकणाऱ्याचे नाव, फेकलेले चेंडू, विश्रांतीचे दिवस, शेरा. पहिल्याच सामन्यात आपल्या सख्ख्या नातवापुढे शेरा मारला : "हात थकला. तातडीने बदलावा." पोरगं रुसलं, पण प्रशिक्षकानं वही पाहून त्याला खरंच बसवलं. तेव्हापासून बाबांना मैदानावर खुर्ची मिळते.

ऑक्टोबरमध्ये टोरोंटोचा ब्लू जेज संघ पुढे पुढे जायला लागला आणि वही मैदानावरून आमच्या दिवाणखान्यात आली. या संघानं अजिंक्यपद मिळवलं होतं ते १९९२ आणि १९९३ साली. तेव्हापासून वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे अंतिम मालिकेचं, तोंडही पाहिलं नव्हतं. सारं शहर निळं झालं. तुमच्या चिरंजीवांनी निळी टोपी घेतली आणि पहिल्याच सामन्याला सोफ्यावर झोपले. जागे राहिलो बाबा, थोरला आणि (आता लपवून काय उपयोग) मी.

तुम्हाला वाटेल, चेंडू फेकायचा आणि दुसऱ्यानं बडवायचा, यात रात्र जागण्यासारखं काय? मलाही तेच वाटायचं. पण बाबांनी डोळे उघडले. फेकणारा दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर उभा असतो. तिथून बॅटरपर्यंत साडेसाठ फूट. चेंडूला टप्पा नाही, म्हणजे खेळपट्टीची मदत नाही. जी काही लबाडी करायची ती हवेतच. बॅटरला अर्ध्या सेकंदाच्या आत ठरवायचं असतं, मारू की सोडू. म्हणून सगळा डाव फसवण्याचा : चारदा वेगवान चेंडू दाखवायचा आणि पाचव्यांदा त्याच हातानं, त्याच झटक्यानं असा चेंडू सोडायचा की तो जवळ आल्यावर बसकण मारतो. बॅट वरून फिरते, चेंडू खालून जातो. या चेंडूला स्प्लिटर म्हणतात. पहिलं आणि मधलं बोट फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू धरायचा, म्हणजे फिरकी कमी बसते आणि तो पडतो.

ही पकड बाबांनी कशावर घोटली, माहीत आहे? माझ्या बेसनाच्या लाडवांवर. फराळ करायला मदत म्हणून मी त्यांना लाडू वळायला बसवलं होतं. बघते तर ताटात एकेका लाडवाच्या दोन्ही अंगांना बोटांच्या खाचा, आणि बाबा मनगट झटकून थोरल्याला सांगताहेत, "हे पाय, असा सोडाचा. जोर नाही लावाचा." एक लाडू हातातच फुटला आणि फ्रिजवर जाऊन बसला. पुढच्या वर्षी लाडू तुम्हीच करून पाठवा, मोठे नकोत. बेचक्यात मावत नाहीत अशी त्यांची तक्रार आहे.

आता लक्ष्मीपूजनाचं. तिथीच्या हिशेबानं इथे ते २० तारखेलाच आलं, तुमच्याकडे २१ ला. त्याच रात्री सिएटलशी सातवा, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये कोण जाणार ते ठरवणारा सामना होता. पूजा बाबांनीच केली, यथासांग केली, फक्त आरतीची चाल जरा जलद होती. सातव्या इनिंगला आपण ३-१ नं मागे. आपले दोन गडी तळांवर, म्हणजे धावेच्या वाटेवर, आणि बॅट जॉर्ज स्प्रिंगरच्या हातात. सिएटलनं फेकणारा बदलला; पण त्यांचा शेवटी येणारा हुकमी गडी, आंद्रेस मुन्योझ, तसाच बसून राहिला. बाबा उठून उभे राहिले. "चांगला गडी उद्यासाठी काऊन राखून ठेवता बे? उद्या हायेच कुठं!" असं म्हणेस्तोवर स्प्रिंगरनं चेंडू प्रेक्षकांत पोचवला. एका फटक्यात तीन धावा, ४-३, आणि तोच अंतिम निकाल. बाबांनी देव्हाऱ्यातली घंटा उचलून वाजवायला सुरुवात केली. लक्ष्मी झोपली असती तरी उठून बसली असती. शेजारच्या पोर्तुगीज आजी दार वाजवून विचारायला आल्या. त्यांना लाडू दिला, खाचांसकट.

वर्ल्ड सिरीज लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी. आमचा पहिल्या सामन्याचा पिचर ट्रे येसावेज, वय २२. हंगामाच्या सुरुवातीला तो फ्लोरिडात अगदी खालच्या पायरीवर खेळत होता आणि मोठ्या संघात आला सप्टेंबरात. हात सरळ डोक्यावरून आणतो, त्यामुळे चेंडू माडीवरून खाली टाकल्यासारखा येतो. पहिला सामना आपण ११-४ नं मारला. पाचव्या सामन्यात या पोरानं सात इनिंगमध्ये बारा जणांना झेल-धावबादच्या भानगडीत न पडता नुसतं चकवून परत पाठवलं आणि एकालाही फुकटचा तळ दिला नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये नवख्या पिचरनं असं कधी केलं नव्हतं. बाबांच्या वहीत त्या दिवशीचा शेरा लाल शाईत आहे : "समाधानकारक." चाळीस गावांची दप्तरं तपासलेल्या माणसाकडून हा शब्द निघाला, यावरून काय ते ओळखा.

मधला तिसरा सामना मात्र अठरा इनिंग चालला. नेहमीच्या दुप्पट, सहा तास एकोणचाळीस मिनिटं. दोन्ही संघांनी मिळून एकोणीस पिचर वापरले आणि बाबांनी एकोणीसही नावं वळणदार अक्षरात उतरवली. पहाटे तीनच्या सुमाराला फ्रेडी फ्रीमननं चेंडू बाहेर घालवून आपल्याला हरवलं. थोरला म्हणाला, त्याचे आईवडील मूळचे इथलेच, ऑन्टारिओचे. बाबांनी टोपी काढून ठेवली. "मंग बराबर हाय. घाव भाऊबंदच घालते."

सहाव्या सामन्याची हळहळ वेगळीच. शेवटच्या इनिंगमध्ये आपण ३-१ नं मागे असताना ॲडिसन बार्जरनं जोरदार फटका मारला. चेंडू कुंपणाच्या गादीखाली गेला आणि तिथेच फसला. फसलेला चेंडू म्हणजे नियमानं दोनच तळ. धावत सुटलेल्यांना मागे बोलावलं. बाबा पंचांवर खवळले. "जागेवर जाऊन मोजमाप नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या नाही, आन् निकाल? पंचनामा कुठंय?" सप्टेंबरच्या पावसात आपल्या वावराचा पंचनामा किती दिवस रखडला होता हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हसले नाही.

पण आई, बाबांचा घसा बसला तो डॉजर्सच्या एका पिचरपायी. योशिनोबू यामामोटो, जपानी, अंगानं किरकोळ. दुसरा सामना त्यानं एकट्यानं संपवला. १०५ चेंडू, आणि आपले शेवटचे वीस बॅटर ओळीनं परत. असा गडी मग चार-पाच दिवस बसवून ठेवतात. हा एक दिवस आड करून त्या अठराव्या इनिंगला पुन्हा हात मोकळा करायला उठला होता. शुक्रवारी, सहाव्या सामन्यात, त्यानं ९६ चेंडू फेकले. बाबांनी विश्रांतीच्या रकान्यात "किमान ४" असं आगाऊच लिहून टाकलं.

शनिवारी सातवा सामना. बो बिशेटनं तिसऱ्या इनिंगमध्येच तीन धावांचा फटका मारला. नवव्या इनिंगला आपण ४-३ नं पुढे, फक्त दोन गडी बाद करायचे बाकी. तेवढ्यात मिगेल रोहास नावाच्या, ज्याच्याकडून कुणी फटक्याची अपेक्षा करत नव्हतं अशा गड्यानं चेंडू बाहेर घालवला. हातातोंडाशी आलेला घास गेला. आणि मग फेकायला कोण यावं? आदल्या रात्री ९६ चेंडू टाकलेला यामामोटो! बाबा टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले. "कालच त फेकले न यानं! बैलालेबी पोळ्याले जू ठेवत नाही! काढा त्याले!" आमच्या संघाच्या भल्यासाठी ओरडताहेत की त्या पोराच्या हाताच्या काळजीनं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं आणखी ३४ चेंडू टाकले. अकराव्या इनिंगला विल स्मिथनं डॉजर्सना पुढे नेलं, यामामोटोनं दार लावून घेतलं, ५-४. डॉजर्सच्या चारपैकी तीन विजय त्याच्या नावावर लागले आणि मालिकेचा मानकरीही तोच.

तेव्हा इथे मध्यरात्र उलटली होती, तुमच्याकडे कार्तिकीची सकाळ होती. त्याच रात्री दोन वाजता इथली घड्याळं सरकारी हुकमानं तासभर मागे जातात. थोरल्यानं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "एका घंट्यानं काय होते? तीन मांगं घ्या न, नववी इनिंग पुन्हा खेळू."

दुसऱ्या दिवशीही विषय सुटेना. माणसाला किती राबवायचं, वर कुणी मोजणारा नको का, बदली गडी कशाला असतो, सकाळपासून हेच. मी ऐकून घेतलं. मग त्यांच्याच वहीतलं कोरं पान काढलं आणि तेच रकाने आखले. नाव : तुमचं. फोनवर तुम्ही येता-जाता सांगितलेलं सगळं एकाखाली एक लिहिलं. पहाटेचा गोठा. दूध. सोंगणीच्या बायांसाठी भाकरी. भिजलेलं सोयाबीन ताडपत्रीवर पसरणं, ढग आला की गोळा करणं, ऊन पडलं की पुन्हा पसरणं. मळणीयंत्रवाल्याच्या विनवण्या. तुरीची फवारणी. सोयाबीनचा हमीभाव यंदा ५,३२८ आणि बाजारात त्याच्या खाली, म्हणून व्यापाऱ्याशी घासाघीस. विश्रांतीचे दिवस : निरंक. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला आणि वही चहाच्या कपाशेजारी उघडी ठेवून कामाला लागले.

बाबांनी पान वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. "हे कोनं मोजलं?" म्हणाले. मी म्हटलं, "मी. तुमच्याच पद्धतीनं." थोड्या वेळानं लाल पेन मागितला. शेरा जसाच्या तसा देते : "हात थकला. तातडीने बदलावा. बदली गडी स्वतः हजर होत आहे." खाली सही आणि तारीख. संध्याकाळी चिरंजीवांनी तिकीट अलीकडे ओढून घेतलं. बाबा २२ तारखेला नागपूरला उतरतील.

आता माझं ऐका. आल्या आल्या पुरणपोळी करू नका. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ असेल आणि लाईन रात्रीचीच असेल, तर बिनधास्त त्यांना मोटारीवर पाठवा. अठरा इनिंग जागलेला माणूस आहे, त्यांना काही होत नाही. "थकलो" म्हणाले तर वही दाखवायला सांगा. आणि तुम्ही चार दिवस माझ्या माहेरी, कारंज्याला, गुरुमंदिरात जाऊन या. आईला कळवलं आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
सून

ता. क. (बाबांच्या अक्षरात) : पाकीट उघडं दिसल्यावरून वरील मजकूर वाचून पाहिला. आकडे बरोबर आहेत. लाडू फुटला तो पकडीच्या दोषामुळे नसून तूप कमी पडल्यामुळे, अशी दुरुस्ती करून घ्यावी. कारंज्याला जाण्यास हरकत नाही. मात्र जाण्यापूर्वी मोटारीची चावी कुठे ठेवली ते लिहून ठेवावे.