भोरचा एमबीए

भोर तालुक्यात आता गावागणिक एक एमबीए सापडतो. उत्रौलीला उतरा, किकवीला उतरा, नसरापूरला उतरा. पाठीला लॅपटॉपची सॅक, एका कानात इअरबड आणि दुसरा कान घरच्यांच्या हाका ऐकायला मोकळा, असा कुणी दिसला की तो हाच. पुण्यात तो 'भोरचा' असतो, भोरात 'पुण्याला असतो'. खरं पाहिलं तर त्याचं बरंचसं आयुष्य कात्रजच्या अलीकडे-पलीकडे ट्रॅफिकमध्ये जातं.

याच्या आजोबांना संस्थानात चाकरी हवी होती. 8 मार्च 1948 ला भोर संस्थान विलीन झालं; चाकरीची ओढ तेवढी विलीन व्हायची राहिली. वडिलांना, म्हणजे अण्णांना, नीरा नदीपलीकडच्या शिरवळ एमआयडीसीत पर्मनंट व्हायचं होतं. पंचवीस वर्षं ते ठेकेदाराच्या हजेरीपटावर राहून 'पुढच्या दिवाळीपर्यंत' पर्मनंट होत आले. मुलगा आता पहिल्या नोकरीकडे संशयाने पाहतो, त्याचं मूळ या हजेरीपटात आहे. लोक उगीच मोबाइलला दोष देतात.

पहिल्या सेमिस्टरला त्यालाही फक्त पॅकेज दिसायचं. बारा लाखांच्या खाली तो बोलत नसे. प्लेसमेंट जवळ आली तसा तो सीटीसी वाचायला शिकला. कंपनीने भरायचा पीएफ त्यातच धरलेला, पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी धरलेली आणि साहेबाची मर्जी राहिली तर मिळणारा व्हेरिएबलही धरलेला. पदव्युत्तर दोन वर्षं घालवून हा ज्या प्रश्नापाशी पोचला, तो त्याची चौथी नापास चुलती पहिल्या दिवसापासून विचारत होती, 'ते ऱ्हाऊदे, हातात किती?'

हातात येणाऱ्यातून कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि पेट्रोल वजा केलं की जे उरतं, त्यात शनिवार-रविवारी भोरला येण्यापुरतं भागतं. म्हणून आता हाच कंपनीची मुलाखत घेतो. शनिवार सुट्टी आहे का? रिपोर्टिंग मॅनेजर किती दिवस टिकतो? शिकायला काय मिळेल? आणि सगळ्यात खालच्या आवाजात, 'सेल्स तर नाही ना?' कारण त्याचा एक मित्र मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून रुजू झाला आणि पहिल्याच सोमवारी त्याच्या हातात दोनशे फोन नंबर आणि कर्जाचं टार्गेट पडलं. कंपनी त्याला बिझनेस डेव्हलपमेंट म्हणत होती. मित्राच्या आईला तो दारोदार विमा विकतो असं वाटे, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं.

याचं खरं स्वप्न वर्क फ्रॉम होम. अशी एक इंटर्नशिप त्याला मिळालीही, पण ती ऐन जुलैत. भोरचा जुलै कंपनीच्या धोरणात बसत नाही. वरंधा घाटाकडून पाऊस आला की लाइट जाते, लाइटमागोमाग टॉवर जातो. मग हा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, छत्री मानेत धरून 'अॅम आय ऑडिबल?' विचारत उभा. खाली खाचरात लावणी चाललेली. घरी बसून काम करणाऱ्याला गावात घरी बसलेलाच समजतात. त्यामुळे दोन मीटिंगच्या मधल्या वेळात गॅस सिलिंडर आणणं, म्हशीला पेंड घालणं आणि पाहुण्यांना नाक्यावरून घेऊन येणं, हे सगळं त्याच्याच खात्यावर. एकदा म्यूट करायचं राहिलं आणि 'आरं मुडदा बशिवला, रोपं आण की!' हे चुलतीचं वाक्य बेंगळुरूपर्यंत पोचलं. वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा यानं सांगितलं की ती आमची ऑपरेशन्स टीम.

असं मोठं नाव देणं मात्र त्याला उत्तम जमतं. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं, पण तिथला डोंगर होता तिथंच आहे. याच्या बायोडाटातली कामंही तशीच, फक्त नावं मोठी होतात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार मिळतात. त्यात यानं तालुक्याच्या कचेरीत अर्ज लावून दिले. नोंद झाली 'पब्लिक पॉलिसी'. चुलत्याचा इंद्रायणी तांदूळ कोथरूडच्या सोसायट्यांत पोचवला. नोंद झाली 'फार्म टू होम सप्लाय चेन'. गंमत म्हणजे तांदळाच्या त्या दोन महिन्यांत त्याला पहिल्या ऑफरच्या पगाराहून जास्त सुटले. हे तो कुणाला सांगत नाही. तांदूळ विकायला एमबीए कशाला केलं, असं गाव विचारेल.

अखेर खराडीच्या एका कंपनीचं ठरत आलं. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर, शनिवार सुट्टी. हा नेमका म्हैस धुवायला ओढ्यावर गेलेला असताना एचआरचा फोन आला आणि तो अण्णांनी उचलला. पोरगी मराठी निघाली. अण्णांनी पगार विचारला नाही, सुट्टी विचारली नाही. घसा खाकरून म्हणाले, 'ताई, पोराला पर्मनंट कधी करणार, तेवढं सांगा.'

पलीकडे जरा वेळ आवाजच आला नाही. अण्णांना वाटलं, रेंज गेली.

मग ती म्हणाली, 'काका, मीच अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे.'